पॅनोरमात आभाळाला पट्टे येतात आणि होडी दोनदा दिसते. सॉफ्टवेअर बदलू का?

चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर तुम्ही सात फोटो काढलेत. ते हगिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडून एक रुंद फोटो, म्हणजे पॅनोरमा, केल्यावर आभाळात उभे पट्टे आले, काठाला लावलेल्या नावेचं टोक दोनदा उमटलं आणि आता याहून चांगलं सॉफ्टवेअर कोणतं, असं तुम्ही विचारताय.

सॉफ्टवेअर बदलू नका. हगिन फुकट असलं तरी कामाला पक्कं आहे. हेच फोटो फोटोशॉपच्या फोटो जोडणाऱ्या फोटोमर्जला दिलेत तरी नाव धड येईलच असं नाही, कारण दोष फोटो काढतानाच शिरलाय.

पट्ट्यांचं कारण सोपं आहे. कॅमेरा ऑटोवर होता. सूर्याच्या बाजूला वळलात की तो उजेड कमी घेतो, पाठ फिरवली की जास्त, म्हणून शेजारच्या फोटोंचं आभाळ जुळत नाही. पुढच्या वेळी मॅन्युअल मोडवर शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) आणि फोकस एकदा ठरवा आणि सातही फोटो होईपर्यंत हात लावू नका. लेन्सवर चकाकी कमी करणारा पोलरायझर फिल्टर असेल तर काढून ठेवा; सूर्यापासून काटकोनात असलेलं आभाळ तो जास्त गडद करतो आणि रुंद फोटोत मधेच काळपट डाग पडल्यासारखं दिसतं. कॅमेरा उभा धरा आणि प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा तिसरा हिस्सा तरी येऊ द्या.

नावेचं मात्र नीट समजून घ्या, बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. एक डोळा मिटा, अंगठा नाकासमोर वीतभर अंतरावर धरा आणि मान डावी-उजवीकडे वळवा. मागच्या भिंतीवरून अंगठा सरकताना दिसेल. डोळा मानेच्या आसावर नाही, थोडा पुढे आहे, म्हणून हे होतं. आपण कॅमेरा हातात धरून कमरेतून वळतो तेव्हा तर तो चांगला हातभर गोल फिरतो. पलीकडचा काठ लांब, त्याला फरक पडत नाही. जवळची नाव मात्र प्रत्येक फोटोत निराळ्या जागी सरकते, शिवाय पाण्यावर हलतेही.

मी यावलकडे मामांच्या केळीच्या कांदेबागेच्या बांधावरून सातपुडा घेतला होता. डोंगराची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड जुळली. पण बांधालगतच्या केळीचं वाऱ्याने चिरलेलं एक पान दोन ठिकाणी आलं, त्याच चिरा, तीच पिवळी कड. दोन दिवस मी सॉफ्टवेअरशी झटलो. मग पुन्हा गेलो, दहा पावलं मागे सरकलो, शरीर फिरवण्याऐवजी लेन्स जागेवर ठेवून स्वतः तिच्याभोवती फिरलो आणि पहिल्याच खेपेला जुळलं.

आता हातातले सात फोटो वाचवू. हगिनमध्ये कंट्रोल पॉइंटांची, म्हणजे दोन फोटोंत एकच जागा दाखवणाऱ्या बिंदूंची, यादी उघडा आणि अंतराच्या (जुळणीतल्या चुकीच्या) क्रमाने लावा. लाटांवरचे, ढगांवरचे आणि नावेवरचे बिंदू काढून टाका. झाडं, देऊळ, पलीकडचा काठ एवढेच ठेवा. मग पुन्हा ऑप्टिमाइझ करा, म्हणजे जुळणी नव्याने होईल. त्यानंतर फोटोमेट्रिक ऑप्टिमायझर चालवा. उजेडातला फरक आणि लेन्समुळे कोपऱ्यांत येणारा काळोख तो बराच भरून काढतो. रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या) फाइली असतील तर त्याआधीच सगळ्यांना एकच व्हाइट बॅलन्स द्या. आभाळ एका बाजूला उजळ आणि दुसरीकडे गडद राहील, ते राहू द्या, खरं आभाळ तसंच असतं.

नावेसाठी मास्कचा, म्हणजे फोटोतला नको तो भाग वगळायचा, टॅब आहे. ज्या एका फोटोत नाव पूर्ण दिसते तो निवडा आणि शेजारच्या फोटोंमधल्या नावेवर वगळण्याचा मास्क काढा. मास्क नावेभोवती थोडा सैलच ठेवा, म्हणजे सांधा पाण्यातून जाईल. पाण्यातला सांधा डोळ्याला सापडत नाही.

प्रोजेक्शन, म्हणजे रुंद दृश्य सपाट फोटोवर मांडायची पद्धत, सिलिंड्रिकल ठेवा. सरळ रेषा सरळच ठेवणाऱ्या रेक्टिलिनियरमध्ये एवढ्या रुंद फोटोची दोन्ही टोकं ताणली जातात. काठ धनुष्यासारखा वाकला असेल तर स्ट्रेटन दाबा, मग देवळाच्या एका भिंतीवर उभ्या रेषेचे बिंदू द्या. एवढ्यावर नाही जमलं तर नाव जिथे तुटते ते दोन फोटो इथे टाका, कुठे मास्क काढायचा ते दाखवतो.