‘आपलं आयुष्य आपल्या हातात’ ही भावना मोजणारी इंग्रजी प्रश्नावली तुर्कीत आणायची, तर नुसतं भाषांतर पुरेल का?

नाही. खरी कसोटी लागते ती ‘नशीब’ या शब्दापाशी.

इंग्रजीतल्या ‘लक’साठी तुर्कीत शान्स, तालिह, कादेर, क्स्मेत, नासिप असे बरेच शब्द आहेत (आपलं नशीब आणि त्यांचं नासिप मूळ एकाच अरबी शब्दातले). शान्स म्हणजे निव्वळ योगायोग, तर कादेर म्हणजे वरून लिहून ठेवलेलं. ‘नोकरी मिळणं शान्सवर अवलंबून असतं’ याला नाही म्हणणारा माणूस ‘कादेरवर’ म्हटलं की सहज मान डोलावेल. तो काही हातपाय गाळून बसलेला नसतो. कष्ट करतोच, फळ देवावर सोडतो, इतकंच. चुकीचा शब्द निवडलात तर त्याची श्रद्धा हतबलता म्हणून मोजली जाईल, आणि हा त्याच्यावर अन्यायच आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉटर यांची हीच भावना मोजणारी १९६६ ची २९ विधान-जोड्यांची प्रश्नावली तुर्की मानसशास्त्रज्ञ इहसान दा यांनी १९९१ मध्ये तुर्की विद्यार्थ्यांवर तपासली. पुढे २००२ मध्ये त्यांनी ४७ विधानांची स्वतंत्र तुर्की मापनश्रेणीच तयार केली. तिच्यात योगायोगावरचा विश्वास आणि दैववाद हे वेगळे घटक आहेत. मला हे फार मोलाचं वाटतं.

बाकी रीत ठरलेली: दोघांकडून स्वतंत्र भाषांतर, तिसऱ्याकडून पुन्हा इंग्रजीत उलट भाषांतर, मग घटक विश्लेषण (कोणती विधानं एका गटात पडतात हे आकड्यांवरून पाहणं), आणि काही आठवड्यांनी त्याच लोकांची फेरचाचणी. पण त्याआधी दहा-पंधरा जणांसमोर बसून एकेक विधान वाचून दाखवा आणि ‘यातून तुम्हाला काय कळलं?’ एवढंच विचारा. ही पायरी गाळू नका.