तळ्याकाठी गळ टाकून बसल्यावर कोणी मुद्दाम दगड टाकून मासे पळवले, तर अमेरिकेत तक्रार करता येते का?

हो, येते. केंद्र सरकारच्या जमिनीवर शिकारीत अडथळा आणण्याविरुद्धचा १९९४ चा कायदा लागू होतो. नावात ‘शिकार’ असली तरी व्याख्येत मासेमारीही आहे. मूळ कायद्यात अडवणुकीला ५,००० डॉलरपर्यंत दंड होता. मारहाण किंवा धमकी असेल तर १०,००० पर्यंत. इतरत्र त्या राज्याचा कायदा बघा. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात मासेमारीचा स्पष्ट उल्लेख आहे.

खरी मेख ‘मुद्दाम’ या शब्दात. शेजारून बोट गेली, लाटांनी गळाची तरंगी हलली, एवढ्यावर काही होत नाही. नुसती बडबडही सहसा गुन्हा ठरत नाही. कनेक्टिकट राज्याचा असाच कायदा १९८८ मध्ये भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर कोर्टात टिकला नाही. म्हणून हुज्जत घालू नका, मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि वन्यजीव अधिकाऱ्याला फोन लावा. परवाना मात्र खिशात हवा, कारण संरक्षण कायदेशीर मासेमारीलाच आहे.