तूप गेलं कुठं?

प्रश्न : यूट्यूबवरून नानकटाईची कृती उतरवून घेतली : 4 कप मैदा, 2 कप पिठीसाखर, 2 कप तूप. भट्टीवर सामान किलोत न्यावं लागतं. कप 250 मिलीचा, म्हणजे पाव किलो, असा हिशेब करून 1 किलो मैदा, अर्धा किलो पिठीसाखर, अर्धा किलो तूप नेलं. पीठ भुसभुशीत, गोळे वळेनात, भाजल्यावर खडखडीत. भट्टीवाला म्हणतो, "ताई, तूप कमी पडलं." मी तर मोजून नेलं होतं! शिवाय पुण्याची सून शेंगाचटणीचं प्रमाण ग्रॅममध्ये मागतेय. तेही सांगा.
– एक वाचक, बुधवार पेठ, सोलापूर

उत्तर : भट्टीवाल्यावर रागावू नका, तो खरं बोलला. तूप कुठं गेलं नाही, तुमचा मैदा दुप्पट झाला.

कप 250 मिलीचा हे बरोबर. पण त्यात पाव किलो भरतं ते पाणी. मैदा भरतो जेमतेम 130 ग्रॅम, पिठीसाखर 125च्या आसपास आणि तूप मात्र 225 ते 230. म्हणजे त्या कृतीत मैदा होता 520 ग्रॅम, साखर 250 आणि तूप साडेचारशेच्या वर. तुम्ही मैदा आणि साखर दोन्ही दुप्पट नेलं, म्हणून गोडी बिघडली नाही. तूप तेवढं जागच्या जागी राहिलं. किलोभर मैद्याला पावणेनऊशे ग्रॅम तूप हवं होतं. आकडा बघून छातीत धस्स होतं खरं, पण नानकटाई तोंडात विरघळते ती त्याच्याच जिवावर.

आता हे 130 तरी पक्कं का? काल मुद्दाम ओट्यावर काटा मांडून एकच कप तीनदा भरला. चाळून सैल टाकला तर 118, चमच्याने भरून सुरीनं सपाट केला तर 130, आणि कप डब्यात खुपसून वर दोनदा आपटला तर 158. कप तोच, मैदा तोच, हात वेगळा. माझी आजी मंगळवेढ्याची ज्वारी पितळी मापट्यानं मोजून घ्यायची. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. पण भाव ठरवण्याआधी ती विचारायची, "शिगेचं की सपाट?" मापात पाप शिरतं ते तिथंच. आणि शेर मापाचाही होता, वजनाचाही. वजनाचा 80 तोळ्यांचा, साधारण 933 ग्रॅमचा. 1962 पासून देशात किलो-लिटर सक्तीचं झालं, पण "कप म्हणजे पावशेर" हे डोक्यातून गेलेलं नाही. तुमचा घोळ तोच.

घरच्या वाटीचंही एकदा बघून ठेवा. रिकामी वाटी काट्यावर ठेवून शून्याचं बटण दाबा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिली. माझी वाटी 170ची निघाली, कपाच्या आसपासही नाही! मग मैदा, पिठीसाखर त्याच्या निम्मी. साधी साखर मिलीच्या पाच-षष्ठांश. रवा सत्तर टक्के. तेल-तूप नव्वद टक्क्यांच्या जरा वर. मध उलटा, दीडपटीला थोडा कमी. तूप रवाळ असेल तर वाटीत पोकळ्या राहतात, म्हणून ते तोलूनच घ्या, आणि तेही फेसायच्या आधी.

सुनेला चटणीचं कुटाच्या वाटीनं सांगू नका. कूट जाड की बारीक, दाबलेलं की मोकळं, यावर वाटी बदलते. दाणे भाजून, सालं पाखडून झाल्यावर तोलायला सांगा. माझं प्रमाण असं : दाणे अर्धा किलो, सोललेला लसूण 50 ग्रॅम, तिखट 40, मीठ 15, जिरं चमचाभर. मीठ ग्रॅमनंच द्या. बारीक मीठ छोट्या चमच्यात 6 ग्रॅम बसतं, खडेमीठ त्याहून कमी. तिखटाचे 40 ग्रॅम माझ्या डब्यातल्या तिखटाचे आहेत. पुण्यातलं पाकीट वेगळं असेल, तिनं आधी 30 घालून चाखावं. आणि मिक्सर असेल तर थांबून थांबून फिरवायला सांगा. उखळात दाण्याला तेल सुटतं तसं सुटायला हवं, लगदा व्हायला नको.