कंबरेतली कळ आणि ओव्हरलोड रिले

प्रिय बाळा,

"रिपोर्टमध्ये विशेष काही नाही म्हणतात, मग मला दुखतंय ते खोटं काय?" तुझ्या पत्रातल्या या ओळीवरच थांबलो. खोटं नाही. मी बावीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभा राहिलो, त्यातली सहा कंबरेला पट्टा आवळून. कळ कशी असते ते मला ठाऊक आहे.

लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं, ताप, उगाच वजन घटणं, यातलं काही दिसलं तर पत्र बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठ. पुढचं सगळं तपासण्या होऊनही दुखणं न गेलेल्यांसाठी.

एमआरआयमधल्या 'गादी फुगलीय' (म्हणजे दोन मणक्यांमधली चकती) या शब्दांनी तू धसका घेतलायस. 2015 साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला एक आढावा प्रसिद्ध झाला. काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या माणसांतही सुमारे 30 टक्क्यांची गादी फुगलेली असते, असं त्यात दिसलं.

मग दुखतं का? तू विजेच्या मोटारी दुरुस्त करतोस, तुला लगेच कळेल. जास्त लोड आला की मोटर बंद करणाऱ्या ओव्हरलोड रिलेचं सेटिंग खाली आलं की साध्या लोडलाही मोटर ट्रिप होते. आतलं तारेचं वाइंडिंग धड असतं, पण मोटर खरीच बंद पडते. तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्यात मज्जासंस्थेचं असंच होऊ शकतं. मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी 1965 मध्येच मांडलं होतं की दुखण्याचे संदेश मज्जारज्जूतल्या एका फाटकातून जातात आणि मेंदू ते फाटक कमीजास्त उघडू शकतो. जागरण, भीती, कर्जाच्या हप्त्याची काळजी यांनी माझी कळ वाढायची, ती उगाच नव्हे.

मला वाट सापडली ती एका फिजिओथेरपिस्ट बाईंमुळे. "किती चाललं की दुखतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वीस मिनिटं. "मग रोज बाराच चाला. बरं वाटलं तरी बाराच." रंकाळ्यावर जायचो, घड्याळ बघून परत फिरायचो. दुखत असताना बारा मिनिटं जमली. बरं वाटत असताना बाराला थांबणं फार जड गेलं. आधी चांगल्या दिवशी रंकाळ्याची पुरी फेरी मारायचो आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. तालमीत वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारायला लावत नाही, हे कोल्हापुरात वाढूनही मला कंबरेच्या बाबतीत सुचलं नव्हतं. दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवली.

रात्री उताणं पडून, गुडघ्याखाली उशी घेऊन श्वास सावकाश सोडायचो. कळ आली की पूर्वी मनात यायचं, 'गेली गादी!' आता नुसतं बघायचं: नेमकी कुठं आहे, ओढतेय की जळतेय, जागा बदलतेय का. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत असं नुसतं बघायला शिकवणारा वर्ग सुरू केला, त्यात जुनाट दुखण्याचे रुग्ण होते. मला पंधरा दिवस काहीच फरक पडला नाही, मी सोडणारच होतो. तू सोडू नकोस.

माझं दुखणं पूर्ण गेलेलं नाही. पावसाळ्यात अजून येतं. पण पट्टा चार वर्षं कपाटात आहे आणि नातवाला मी उचलून घेतो.

रविवारी सकाळी सहाला रंकाळा टॉवरपाशी ये. चप्पल नको, बूट घाल. पट्टा बांधून आलास तरी चालेल. किती मिनिटांनी दुखायला लागतं, ते आधी मोजून ये.

तुझा,
काका