विमान हादरतं तेव्हा आम्ही गप्प का बसतो

तुमचा प्रश्न असा आहे: विमान जोरजोरात हादरत असताना समोरच्या जंप सीटवर, म्हणजे क्रूसाठीच्या घडीच्या सीटवर, बसलेल्या क्रूचा चेहरा इतका शांत कसा असतो? त्यांना भीतीच वाटत नाही, की ते आपल्यापासून काही लपवतात? मी १८ वर्षं केबिन क्रूमध्ये होते, त्यातली शेवटची काही वर्षं सीनियर म्हणून. तेव्हा जे अनुभवलं ते सांगते.

भीती वाटते. पण तुम्हाला जिची वाटते ती वेगळी आणि आम्हाला जिची वाटते ती वेगळी.

तुम्हाला वाटतं, विमान पडेल, पंख तुटेल. खिडकीतून पंखाचं टोक वरखाली होताना दिसलं की पोटात गोळा येतो. पण पंख लवचिक असतो, म्हणूनच हलतो. प्रवासी विमानाला परवानगी मिळण्याआधी त्याचा पंख उड्डाणात अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या दीडपट भार पेलतो हे दाखवावं लागतं. बोईंग ७७७ च्या वेळी, १९९५ मध्ये, जमिनीवर पंख मुद्दाम मोडेपर्यंत वाकवले होते. टोक सुमारे २४ फूट वर गेलं आणि भार १५४ टक्क्यांवर पोहोचला, तेव्हा कुठे ते मोडले. हे मनात पक्कं बसलं की पंखाकडे बघणं आपोआप कमी होतं.

आम्हाला भीती असते ती न बांधलेल्या गोष्टींची. ब्रेक न लावलेली ट्रॉली, उकळत्या पाण्याचं भांडं, टॉयलेटकडे निघालेले आजोबा, आईच्या मांडीवर नुसतंच ठेवलेलं बाळ. भरलेली ट्रॉली शंभर किलोच्या घरात जाऊ शकते. ती उचलली गेली आणि खाली आली तर कोणाच्या अंगावर येईल याचा नेम नाही. अमेरिकी विमान कंपन्यांच्या नोंदी पाहा: २००९ ते २०२२ या काळात टर्ब्युलन्समुळे, म्हणजे हवेतल्या हादऱ्यांमुळे, १६३ जण गंभीर जखमी झाले आणि त्यातले १२९ क्रू होते. कारण उघड आहे. तुम्ही बसलेले असता, आम्ही उभे असतो.

मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेल्या सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानाला म्यानमारवर असाच तडाखा बसला. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, कित्येक जण जखमी झाले. बातम्या वाचून वाटत होतं की विमान हजारो फूट कोसळलं असेल. तपासातल्या नोंदींप्रमाणे तडाख्याच्या त्या ४.६ सेकंदांत विमान १७८ फूट खाली आलं होतं. मग माणसं छताला कशी आदळली? विमान खाली गेलं त्याच वेगाने बेल्ट न लावलेली माणसं खाली गेली नाहीत, म्हणून. छत त्यांच्यावर आलं. क्षणभराने विमान पुन्हा उचललं गेलं आणि तीच माणसं खाली फेकली गेली. विमान मात्र बँकॉकला उतरलं. हे ऐकल्यापासून ज्यांना विमानाची भीती वाटते त्यांना मी एवढंच म्हणते, भीती वाटू दे, पण ती बेल्टकडे वळवा.

आता चेहऱ्याबद्दल. कॅप्टनकडून ताबडतोब बसण्याची सूचना आली की ट्रॉली जागेवर नेण्याइतका वेळ आहे की नाही हे दोन सेकंदांत ठरवावं लागतं. नसेल तर तिथेच ब्रेक लावायचा, गरम भांडी जमिनीवर ठेवायची आणि मिळेल त्या सीटवर बसायचं. सीट नसेल तर जमिनीवर बसून सीटच्या दांड्याला धरायचं. जंप सीट गाठली तर खांद्यांवरचे पट्टे घट्ट, पाठ टेकलेली, तळवे मांड्यांखाली. तुम्हाला जो निर्विकार चेहरा दिसतो त्यामागे उजळणी चाललेली असते. माझा दरवाजा कुठला, बाहेर काही अडथळा तर नाही, मदतीला कोणाला घेईन, चौथ्या रांगेतल्या काठीवाल्या आजींना कोण उचलेल. डोक्याला एवढं काम असलं की भीतीला फारशी जागा उरत नाही. हे उपजत नसतं. दर वर्षी उजळणीचं प्रशिक्षण होतं, तेच ते आदेश मोठ्याने म्हणून घेतले जातात, ते अंगवळणी पडतात.

माझ्या नोकरीच्या आठव्या वर्षातली गोष्ट. आकाश निरभ्र, मागच्या गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, चहाची तयारी चालू. अशा निरभ्र हवेतला टर्ब्युलन्स विमानाच्या रडारवर दिसत नाही, कारण रडारला दिसतात पाण्याचे थेंब आणि तिथे थेंबच नसतात. पुढे गेलेल्या विमानाने कळवलं तर कळतं. त्या दिवशी कळलं नव्हतं. माझ्या शेजारची मुलगी वर उचलली गेली आणि तिरक्या पायावर पडली. घोटा मोडल्याचं मला ऐकू आलं. मी तिला जमिनीवरच भिंतीला टेकवून धरलं, एका हाताने इंटरफोन घेतला आणि सगळ्यांना बेल्ट घट्ट करायला सांगितलं. आवाज स्थिर होता. उतरल्यावर क्रूच्या बसमध्ये पाण्याची बाटली उघडता येईना, इतके हात थरथरत होते. मग सगळ्यांनी मिळून कोणी काय केलं ते पहिल्यापासून बोलून घेतलं, आणि मी खूप रडले.

म्हणजे लपवतो का? चेहरा सावरतो, हे खरं. दीडशे-दोनशे लोक आमच्याकडे बघून काय समजायचं ते ठरवत असतात. मी घाबरलेली दिसले तर कोणीतरी उठून पळेल आणि त्यालाच दुखापत होईल. पण खोटं बोलत नाही. ‘काही होणार नाही’ असं मी कधी म्हटलं नाही. ‘बेल्ट कमरेवर, खाली आणि घट्ट, बाळाचा पट्टा लावा, मी इथेच आहे’, इतकंच, हळू आवाजात.

आणि आम्ही बसलेले दिसलो म्हणून परिस्थिती बिघडली असं समजू नका. बेल वाजवूनही आम्ही येत नाही म्हणून रागावू नका. त्या वेळी उठलेली एअर होस्टेस तुमच्याच डोक्यावर पडू शकते.

फार भीती वाटत असेल तर पंखाजवळची सीट घ्या, मागच्या टोकापेक्षा तिथे हेलकावे कमी जाणवतात. आणि विमानात चढतानाच दारातल्या क्रूला सांगा. लाजू नका. असं कोणी सांगितलं की मी सीटचा नंबर गॅलीतल्या सगळ्यांना सांगून ठेवायचे. धक्के थांबून उठायची परवानगी मिळाली आणि कोणाला लागलेलं नाही हे कळलं की मी आधी त्याच सीटकडे जायचे.