अर्थशास्त्रज्ञ ग्राहकाचं समाधान नेमकं कसं मोजतात?

थेट मोजता येत नाही. ग्राहक किती पैसे द्यायला तयार आहे आणि प्रत्यक्षात काय निवडतो, यावरून समाधानाचा, म्हणजे उपयोगितेचा, अंदाज बांधतात. मी ठाण्यात बारावीला हाच धडा शिकवते. समजा, एका मिसळीला तुम्ही १५० रुपये द्यायला तयार आहात आणि ती १०० ला मिळाली, तर वाचलेले ५० रुपये हे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शलच्या भाषेत तुमचं संतोषाधिक्य. लगेच दुसऱ्या प्लेटला कदाचित ६०च द्याल, म्हणून ती घेणार नाही: ही घटती सीमांत उपयोगिता, म्हणजे प्रत्येक पुढच्या प्लेटचं समाधान आधीच्यापेक्षा कमी. पुढे १९३४ मध्ये हिक्स आणि ॲलन यांनी आकड्यांऐवजी पसंतीचा क्रम पुरेसा मानला. १९३८ मध्ये सॅम्युएलसनने तर फक्त प्रत्यक्ष निवड बघायला सांगितलं, आणि मला हीच पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते. ठाण्याहून वाशीला जाताना रिक्षा परवडत असूनही जो लोकल पकडतो, त्याची पसंती तिथेच कळते. मात्र रुपयांतल्या या मापाने दोन माणसांच्या समाधानाची तुलना करू नका. नाक्यावरच्या मजुराचे ५० रुपये आणि घोडबंदरच्या टॉवरमधल्या माणसाचे ५० रुपये सारखे नसतात.