मुलगी १३ वर्षांची आहे, ऑप्टिमिस्ट (लहान मुलांची शिडाची बोट) चालवते. आंतरराष्ट्रीय रेगाटांमध्ये, म्हणजे शिडाच्या बोटींच्या शर्यतींमध्ये, करिअर होतं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी दोन वर्षं मुंबईत ऑप्टिमिस्ट चालवतेय, पदकंही आहेत आणि दहावीच्या आधी काय ते ठरवायचंय. मी सात वर्षं लेझर रेडियल ही एकटीने चालवायची बोट चालवली (तिलाच आता आयएलसीए-६ म्हणतात), चार-पाच परदेशी रेगाटा केल्या. माझं नाव शोधू नका, निकालाच्या यादीत मी कायम खालच्या अर्ध्यातच असायचे.

या खेळात पहिल्याला १ गुण, दुसऱ्याला २, चाळिसाव्याला ४०. ज्याची बेरीज सगळ्यात कमी, तो जिंकला. सगळ्यात वाईट एक शर्यत सोडून देता येते, दुसरी मात्र गळ्यातच पडते. त्यामुळे रोज आठवी-दहावी येणारी मुलगी आठवड्याच्या शेवटी वर असते आणि एकदा पहिली, दोनदा सुटण्याआधीच रेषा ओलांडून बाद झालेली मुलगी कुठल्या कुठे जाते. पदकांपेक्षा तिचे मधल्या शर्यतींचे नंबर बघा.

जर्मनीतल्या कीलच्या रेगाटातला एक दिवस सांगते. मी स्टारबोर्ड टॅकवर (वारा बोटीच्या उजव्या बाजूने), म्हणजे वाटेचा हक्क माझा. पोर्ट टॅकवरून (वारा डाव्या बाजूने) एक मुलगी आली. तिला वाटलं, पुढून निघून जाऊ. तिच्या बोटीची मागची कड माझ्या बोटीच्या नाकाला घासली, माझी बोट वाऱ्याच्या तोंडावर उभी राहिली, शीड फडफडायला लागलं आणि तेवढ्यात दहा-बारा बोटी निघून गेल्या. मी जे ओरडले ते अस्सल गिरगावातलं होतं, इथे लिहिता येणार नाही. किनाऱ्यावर येऊन तक्रारीचा अर्ज भरला, संध्याकाळी ओल्या केसांनी पंचांसमोर बसले. त्यांनी पहिलंच विचारलं, “तुम्ही ‘प्रोटेस्ट’ म्हणालात का?” म्हणाले नव्हते. सहा मीटरपेक्षा लहान बोटींना लाल झेंडा माफ आहे, पण तो एक शब्द तिथल्या तिथे ओरडावाच लागतो. अर्ज बाद. नियमांचं पुस्तक मी त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचलं.

आता शरीराचं. सगळ्यांच्या बोटी सारख्याच, ४.२३ मीटर लांब, मुलींचं शीड ५.७६ चौरस मीटर. मग फरक पडतो चालवणारीच्या वजनाने. पट्ट्यात पाय अडकवून बाहेर पाठीवर लोंबकळायचं, याला हाईकिंग म्हणतात. मांड्या पेटतात. पुढच्या मुली ६५-७० किलोच्या, मी ५४. जोराचा वारा आला की त्या लोंबकळून बोट सपाट ठेवायच्या, मी शीड सैल सोडायचे. तीन वर्षं केळी आणि पीनट बटर खाल्लं, काटा ५७च्या पुढे हलला नाही. मुलगी बारीक चणीची राहिली तर हट्ट नको. ४७० ही दोघांची बोट आहे, पॅरिसपासून ऑलिम्पिकमध्ये मुलगा-मुलगी मिळून चालवतात. तिथे सुकाणूवर हलकी मुलगी चालते.

खर्चाचा आकडा देत नाही, दरवर्षी बदलतो. पण स्वरूप समजून घ्या. बोट तिकडे भाड्याने, वर अनामत, विमान, राहणं, शिवाय प्रशिक्षकाची मोटरबोट. स्पेनमधल्या पाल्माची रेगाटा एप्रिलच्या आसपास, मग फ्रान्समधलं इएर, जूनमध्ये कील. म्हणजे आपल्या परीक्षा संपतात न संपतात तोच तिकडचा हंगाम सुरू आणि परत येता तोवर पावसाळ्याने मुंबईचा समुद्र बंद. मग हैदराबादचं हुसेन सागर. शिवाय भरती-ओहोटीचं कोष्टक बघून बाजू निवडायची आपली मुंबईची सवय भूमध्य समुद्रात कुचकामी, तिथे भरती जवळपास नसतेच.

बक्षिसाच्या पैशांवर घर चालत नाही. बरेच जण सैन्यात किंवा नौदलात असतात. विष्णू सरवणन सैन्यातलाच, टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०वा, पॅरिसमध्ये १८वा. चेन्नईची नेत्रा कुमनन टोकियोत ३५वी, पॅरिसमध्ये २१वी. लोक म्हणतात “फक्त एकविसावी?” त्या १४ जागांसाठी तीन वर्षं गेली, हे त्यांना कोण सांगणार! नेहा ठाकूर तर मध्य प्रदेशातल्या देवासची, शिकली भोपाळच्या तलावावर आणि हांगचौ आशियाई स्पर्धेत आयएलसीए-४ (तीच बोट, शीड लहान) मध्ये रौप्य घेऊन आली. मुंबईच्याच पाण्यात १९८२ साली फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी आशियाई सुवर्ण जिंकलं होतं, पण ते आता इथे कुणाला आठवत नाही. (आणि हो, “जगाला प्रदक्षिणा घातली का?” असं तिलाही विचारतील. ते दिलीप दोंदे यांनी केलं, तो वेगळा प्रकार.)

घाई करू नका. मुलगी पंधरा वर्षांची होते त्या वर्षाअखेरपर्यंत ऑप्टिमिस्ट चालते. दिवाळीच्या सुट्टीत तिला कुणाच्या तरी आयएलसीए-४ वर दोन दिवस बसवा. दुसऱ्या दिवशी मांड्या धरून, कुरकुरत का होईना, पुन्हा पाण्यात उतरते का ते बघा. माझी हाईकिंग पँट घरात पडून आहे, दोन वर्षांनी तिच्या मापाला येईल. हवी असेल तर कळवा.